अनुभव धागा: वाचनालयात लेकरांना पाखरांची गोष्ट सांगताना काय जमलं, काय फसलं?

धागाकर्ती

मंडळी, आमच्या तालुक्याच्या वाचनालयात यंदा पहिल्यांदाच 3 ते 7 वर्षांच्या लेकरांसाठी 'गोष्टीचा तास' घ्यायचं ठरलंय. विषय पाखरं. 5 ते 12 नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. 5 ला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींचा. समितीतले एक काका म्हणाले, "मग तेव्हाच घेऊन टाका," आणि वहीत नाव माझं लिहिलं.

आमचं वाचनालय म्हणजे स्पर्धा परीक्षावाल्या पोरांची अभ्यासिका, अन् सकाळी पेपरला येणारी आजोबा मंडळी. बालविभाग म्हणजे एक कपाट. त्याची किल्ली मागच्या आठवड्यात सापडली.

माझी यादी: मोर, पोपट, चिमणी-कावळा, सुगरण, रोहित (फ्लेमिंगो). प्रोजेक्टरवर चित्रं, मोबाईलवर आवाज, शेवटी कागदाचा पक्षी. वेळ एक तास. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा, आणि फसलेलं आधी सांगा. पुण्या-मुंबईचे सल्ले वाचून झालेत. आमच्याकडं ना तेवढी पुस्तकं, ना तेवढे पंखे.

लातूरकरीण

यादी बघून हसू आलं, कारण माझी पहिली यादी अगदी हीच होती. रोहितसुद्धा!

बावीस लेकरं आली होती. मोर झाला, पोपट अर्धा झाला आणि लाईट गेली. प्रोजेक्टर बंद. तेवढ्यात एकाला 'एक नंबर'ला लागली. एकाला लागली की सगळ्यांना लागते, हे मला त्या दिवशी कळलं. परत येऊन बसेपर्यंत माझा तास संपत आला होता, आणि हातात तीन पक्षी शिल्लक.

त्या अंधारात खिडकीच्या गजावर एक होला, छोट्या कबुतरासारखा, येऊन बसला आणि घुमायला लागला. सगळी लेकरं खिडकीशी. मग मी तिथंच उभी राहून मनानं गोष्ट रचली: ह्या होल्याला वाचनालयात यायचंय, पण त्याच्याकडं कार्ड नाही. कार्डासाठी पत्ता लागतो, तर तो सांगतो चिंचेची तिसरी फांदी. शिपाईमामा म्हणतात, ओळखपत्र आणा. लेकरं पोट धरून हसली. शिपाईमामा दारातच उभे होते, तेही हसले. आठवडाभर तयारी केलेल्या मोराला कुणी हसलं नव्हतं.

तेव्हापासून एका तासाला एकच पक्षी, तोही आमच्या खिडकीतून दिसणारा. गोष्ट पंधरा मिनिटं, दहा मिनिटं उड्या आणि आवाज, दहा मिनिटं हाताचं काम. चारच्या आतलं लेकरू तेवढंही बसत नाही, त्याला फिरू द्यायचं. फिरता फिरता ते ऐकत असतं.

आणखी एक. पुस्तकाची प्रत एक आणि लेकरं वीस असली की मागच्यांना चित्र दिसत नाही, मग चिमटे सुरू होतात. अर्धगोल बसवा, पुस्तक छातीशी उघडं धरा, चित्र त्यांच्याकडं. म्हणजे मजकूर तुम्हाला पाठ पाहिजे. वाचायला मान खाली गेली की तास गेला.

माजलगावहून

ताई, तारीख बदला. नोव्हेंबरात आमच्या भागात गोष्ट ऐकायला असतं कोण? दसरा झाला की ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागतात. लेकरं आईबापाबरोबर कारखान्याला जातात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. मागं राहतात ती आज्जीपाशी. उरलेली दिवाळीला मामाच्या गावाला. पहिल्या वर्षी मी बॅनर लावून बसलो होतो, आणि आली चार. त्यातली दोन माझ्याच घरातली.

आता आम्ही दोनदा घेतो. एकदा आषाढ-श्रावणात. तेव्हा पाखरंच कामाला लागलेली असतात. पावश्या 'पेरते व्हा' म्हणून ओरडून थकलेला असतो, विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबायलेले असतात. दुसऱ्यांदा एप्रिलात, कारखाना बंद होऊन माणसं परतली की.

मागच्या एप्रिलात बगळ्याची गोष्ट ठेवली होती. मी सुरुवात केली, "एक होता बगळा, तो तळ्याकाठी एका पायावर उभा..." एक सहा वर्षांची पोरगी म्हणाली, "नाय, तो उसात असतो." म्हटलं सांग. तिनं सांगितलं. फड तोडायला लागलं की बगळे मागं मागं येतात, कारण पाचटातून किडे उडतात. एक बगळा रोज तिच्या कोपीजवळ, म्हणजे फडावरच्या झोपडीजवळ यायचा, त्याचं नाव तिनं 'मुकादम' ठेवलं होतं. काम काही करायचा नाही, नुसता बघत उभा राहायचा. त्या दिवशी गोष्ट तिनंच सांगितली. मी सतरंजीवर बसून ऐकली.

धागाकर्ती

हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याही तालुक्यातून दोन तांडे जातात. समितीशी बोलते. काका ऐकतील का ते माहीत नाही, बॅनर छापून झालाय.

सीमेवरचा मास्तर (देगलूर)

आमच्याकडची गंमत वेगळीच. वर्गात मराठी, घरात तेलुगू, गल्लीत दख्खनी. कावळ्याचं चित्र वर धरलं आणि विचारलं, "हे कोण?" एक पोरगं ओरडलं, "काकी!" सगळ्यांच्या माना दाराकडं, कारण दारात पोरं सोडायला आलेल्या एक काकी उभ्या होत्या. त्या बिचाऱ्या आधी लाजल्या, मग चिडल्या. तेलुगूत कावळ्याला काकीच म्हणतात हे त्यांना समजावून सांगेपर्यंत माझी पुरेवाट झाली.

आता मी हाच खेळ करतो. चिमणी दाखवायची: मराठीत चिमणी, तेलुगूत पिच्चुका, दख्खनीत चिडिया. ज्याच्या घरात जो शब्द, तो त्यानं मोठ्यानं सांगायचा. गप्प बसणारी लेकरं इथं पहिल्यांदा तोंड उघडतात. काकींना मात्र पुढच्या वेळी आत बोलावून खुर्ची दिली.

परभणीची आज्जी

मी निवृत्त शिक्षिका, शनिवारी वाचनालयात गोष्ट सांगते. चिऊ-काऊबद्दल बोलते, कारण ती सगळ्यांना येते असं सगळ्यांना वाटतं.

शेणाचं घर पावसात वाहून गेलं, मेणाचं राहिलं. काऊ दारात भिजतोय आणि चिऊ म्हणते थांब, बाळाला न्हाऊ घालते, थांब, तीट लावते. ह्या 'थांब'लाच खरी मजा. लेकरांना चिऊ करा, मी काऊ होते. प्रत्येकानं नवं कारण काढायचं. "थांब, माझ्या बाळाचा मोबाईल चार्ज व्हायचाय." "थांब, आमच्याकडं नळाला पाणी आलंय, भरून घेते." हे दुसरं कारण परभणीत कुणालाही पटतं, कावळ्यालाही.

एकदा एक पोरगा उठला, "आज्जी, मेणाचं घर उन्हाळ्यात इरघळल की." मे महिन्यात 42-43 अंश सोसलेलं लेकरू आहे ते. मी म्हटलं, मग काय करायचं? ठरलं असं: उन्हाळ्यात चिऊनं काऊकडं राहायला जायचं. शेणानं सारवलेलं घर गार असतं. झाली गोष्ट पुरी. इतकी वर्षं सांगतेय, मला कधी सुचलं नव्हतं.

शेवटाबद्दल. काही घरांत चिऊ काऊला तापल्या तव्यावर बसवते. माझ्या सासूबाई तसंच सांगायच्या. आता मी सांगत नाही. मऊपणा म्हणून नाही, लेकरं त्याहून भयंकर गोष्टी आवडीनं ऐकतात. पण काळ्या पोराला वर्गात 'काऊ' म्हणून चिडवलेलं मी बघितलंय. त्याच्यासमोर काऊला चटका बसला आणि सगळे हसले, तर तो कुणाकडं बघेल?

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम कोकिळेची गोष्ट घेते. कोकिळा अंडं घालते कावळ्याच्या घरट्यात, आणि पिल्लाला भरवतो कावळा. लेकरांचा राग लगेच कोकिळेकडं वळतो. पुन्हा कोकिळेची बाजू घ्यायला तिसरा शनिवार लागतो, तो भाग वेगळा.

जालन्याचा वाचक

आमच्याकडं कल्पना निघाली की गोष्ट आजोबांनी सांगावी. एका शेतकरी आजोबांना बोलावलं. विषय भोरड्या. हिवाळ्यात ज्वारी हुरड्यात आली की ह्या गुलाबी मैना थव्यानं उतरतात. आजोबांनी लहानपणी शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं कशी राखली ते सांगितलं. सांगता सांगता उपरण्याची गोफण केली आणि गरागरा फिरवून "हाऽऽ हुर्रर्र" अशी आरोळी ठोकली की अभ्यासिकेतली पोरं बाहेर आली.

लेकरं खूश. पण नंतर मैदानात सगळी जण रुमालात खडे घालून साळुंक्यांच्या मागं! पक्ष्यांवर प्रेम करायला शिकवणारा तास म्हणून पत्रक काढलं होतं आम्ही.

तरी आजोबांना परत बोलवू. फक्त गोफण घरी ठेवायला सांगू.

पैठणकर

थोडक्यात. नाथसागरावर रोहित दाखवायला चार-पाच वर्षांची लेकरं नेली. पाणी लांब, पक्षी त्याहून लांब, दुर्बीण एक. एवढ्या लहानांना दुर्बिणीतून काहीच दिसत नाही, पण प्रत्येकजण "दिसला, दिसला" म्हणतो. घरी येऊन लेकरांनी चित्रं काढली ती बसची. रोहित आठ वर्षांच्या पुढं ठेवा.

नाव नको

एका पालकांनी हौसेनं पिंजऱ्यातला पोपट आणला. लेकरं मिठू-मिठू करून नाचली, आम्ही फोटो काढून ग्रुपवर टाकले. संध्याकाळी एका वाचकाचा फोन: 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवता येत नाही, माहिताय का? नव्हतं माहीत. फोटो काढून टाकले. त्या पालकांना सांगणं फार अवघड गेलं. पत्रकातच लिहा: जिवंत पक्षी आणू नये.

धाराशिवची

हाताच्या कामाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कागदाचा पक्षी ह्या वयाला जमत नाही. घड्या शेवटी तुम्हीच घालता, वीस पक्षी, आणि बोटं दुखतात.

आम्ही खोपा करतो. मधी द्रोण, भोवती भिजवलेल्या कडब्याच्या पाती आणि सुतळी. वाकडातिकडा झाला तरी खोपाच दिसतो. दाखवायला वाऱ्यानं खाली पडलेला सुगरणीचा रिकामा खोपा होता. झाडावरचा काढायचा नाही, हे आधीच बजावते.

खोपा दाखवून विचारते, "हा कुणी विणला?" सगळे एका सुरात, "सुगरणबाईनं!" विणतो नर. अर्धा झाला की मादी येऊन बघते, पसंत पडला तरच पुढचं काम. नाही पडला तर गडी दुसरा सुरू करतो. हे ऐकून एका पोराचे बाबा मागून म्हणाले, "मॅडम, हे आमच्या घरी सांगू नका."

हिंगोली

खिडकीतून "सांग ना, तुला येतंय ना, सांग ना" म्हणणाऱ्या आयांचं काय करता? आम्ही त्यांना द्रोण-सुतळी देऊन दुसऱ्या खोलीत खोपे करायला बसवलं. तिथून जास्त आवाज येत होता.

धागाकर्ती

सगळं वहीत उतरवलं. यादीतून चार पक्षी काढले. बॅनरवरची तारीख स्केचपेननं खोडली, काका दोन दिवस बोलले नाहीत.

काल रंगीत तालीम घेतली. नऊ लेकरं, एकच कावळा, आज्जींची 'थांब'वाली पद्धत. चौथ्या "चिऊताई, दार उघड"ला एका पोरीला राहवलं नाही. ती उठली आणि तिनं वाचनालयाचं खरंखुरं दार उघडलं. बाहेर पेपरवाले आजोबा उभे होते, चष्मा विसरला म्हणून परत आलेले. नऊ लेकरं एकदम ओरडली, "काऊ आलाऽऽ!"

आजोबा चष्मा घेऊन गेले नाहीत. मागं बाकड्यावर शेवटपर्यंत बसले होते.