नंबर नको, आयडी दे! कॉलेजात इन्स्टावर जुळलेल्या (आणि फसलेल्या) गोष्टी लिहा

भाची यंदा कॉलेजात गेली. परवा विचारलं, "मुलं नंबर मागतात का गं?" ती हसली. "मावशी, नंबर कोण मागतं आता? आयडी मागतात." आमच्या वेळी, २००७ ला, ऑर्कुट नावाची सोशल साइट होती. स्क्रॅप (तिथला मेसेज) सगळ्यांना दिसायचा, म्हणून नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेतून मी त्याला फक्त "नोट्स आहेत का?" एवढंच लिहिलं. २०१४ ला ऑर्कुट बंद पडलं. नवरा तोच आहे. आता तुम्ही लिहा.

पंचवटीकर : रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात) उडी मारतानाची स्टोरी टाकली होती. वर्गातलीच, पण कधी न बोललेली मुलगी. रिप्लाय आला, "तिवंधा चौकातली ना ही?" मग चार महिने रात्री दोनपर्यंत गप्पा, स्नॅपचॅटवर सलग शंभरावर दिवसांची स्ट्रीक. शेवटी मिसळ खायला भेटलो, तर दोघंही मुके! पाव संपले, तर्री संपली, शब्द नाही. तिनं समोर बसून मेसेज केला, "बोल ना काहीतरी." चॅटवर मी भलताच हजरजबाबी, कारण निम्मी उत्तरं मित्र सुचवायचा. नंतर कळलं, तिची मैत्रीण सुचवायची. खरं तर त्या दोघांचं जुळायला हवं होतं. आमचं मात्र चालू आहे, आता कमी टाइप करतो.

निफाडची : माझी दोन अकाउंट. एकावर चुलते, भाऊ, गावची मंडळी. तिथं द्राक्षबागेचे आणि गणपतीचे फोटो. दुसऱ्यावर बारा जणी आणि तो. त्यानं सोमेश्वरच्या धबधब्यावरचा फोटो टाकला आणि टॅग केलं पहिल्या अकाउंटला! मी अर्ध्या तासात टॅग काढला. तोवर स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर. हॉस्टेल सुटलं, दोन सेमिस्टर बसनं अप-डाउन केलं. त्याला राग कसला आला? मी टॅग काढल्याचा.

आता सिंगल : "विश्वास असेल तर पासवर्ड दे." दिला. दुसऱ्या दिवशी माझ्या यादीतली सगळी मुलं अनफॉलो, त्यात सख्खा मामेभाऊसुद्धा. तिसऱ्या दिवशी पासवर्ड बदलला, चौथ्या दिवशी त्याला ब्लॉक.

लायब्ररीतला : कॉलेजच्या कन्फेशन पेजवर निनावी लिहिलं, "पिवळी ओढणी, खिडकीजवळचं टेबल." पोस्ट गाजली. एका सीनियरनं बिनधास्त सांगितलं, "मीच लिहिलं." दोघं आता गंगापूर रोडला रोज चहाला दिसतात. मी लाइक करतो त्यांचे फोटो.