मोटरहोमच्या मागच्या एअर बॅगा घरीच बदलायच्या आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या मोटरहोमची मागची डावी बाजू रात्रभरात खाली बसते. (एअर बॅगा म्हणजे स्प्रिंगऐवजी गाडीचं वजन पेलणाऱ्या, हवा भरलेल्या रबरी बॅगा.) इंजिन सुरू केलं की हवा भरून गाडी परत वर येते. काल साबणाचं पाणी फवारून पाहिलं, तर एका बॅगेच्या खालच्या घडीत बारीक बुडबुडे आले. तिथे रबराला भेगा आहेत आणि आतले धागेही दिसतात. मागच्या एक्सलवर चार बॅगा आहेत, चारही एकाच वयाच्या, म्हणून सगळ्याच बदलणार आहे.

जॅक, टॉर्क पाना आणि काँक्रीटची पक्की जागा आहे. भीती एकाच गोष्टीची वाटते: हवा सोडली की एवढं वजन खाली येणार. आधार नेमका कुठे द्यायचा? आणि वरचे नट गंजलेत, फिरवले तर बॅगेचा बोल्टही सोबत फिरतोय.

प्रतिसाद १

भीती योग्यच आहे. हवेवर किंवा नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकंसुद्धा घालू नका. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. मग गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी, म्हणजे चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) मुख्य गर्डरखाली, वजन पेलतील अशा घोड्या (जॅक स्टँड) लावा. एक्सलखाली लावून उपयोग नाही, चासी तरीही खाली येईल. घोड्यांवर वजन बसलं की मगच सस्पेन्शनची हवा पूर्ण सोडा. शॉक अब्सॉर्बर काढू नका, एक्सल जास्त लोंबू न देण्याचं काम तेच करतात.

गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारा. तरी फिरत राहिले तर कापा. बॅग टाकूनच द्यायची आहे, तिच्या बोल्टसाठी जीव काढू नका.

प्रतिसाद २

वर सांगितलंय ते बरोबर. पण कशालाही हात लावण्याआधी गाडीची उंची मोजून लिहून ठेवा. लेव्हलिंग व्हॉल्व्हची (बॅगेतली हवा कमी-जास्त करून गाडीची उंची राखणाऱ्या झडपेची) दांडी काढलीत तर ती त्याच मापावर परत बसायला हवी, नाहीतर नव्या बॅगा लावूनही गाडी तिरकीच राहील. हवेच्या नळीचं टोक सरळ काटकोनात कापा, तिरकं कापलं की जोडात गळती ठरलेली.

नवी बॅग जमिनीवर ठेवून हवा भरून बघू नका. वरून-खालून धरून ठेवणारं काही नसताना ती फुटू शकते. बसवल्यावर मात्र घोड्या काढण्याआधी थोडी हवा भरा आणि घडी पिस्टनवर (बॅगेच्या खालच्या बैठकीवर) सारखी गुंडाळली जातेय का ते बघा. रिकाम्या बॅगेवर वजन आलं तर रबर चिमटतं. माझी पहिली बॅग अशीच वाया गेली.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. घोड्या मी एक्सलखालीच लावणार होतो! उंची आज मोजली, डावी-उजवी वेगवेगळी लिहून ठेवली. आता एकच विचारतो: दोन्ही बाजूंना स्वतंत्र व्हॉल्व्ह आहेत आणि डावीकडच्याच्या दांडीचं रबरी बुश सैल वाटतंय. ते याच कामात बदलून घ्यावं ना?

प्रतिसाद २

हो, आत्ताच बदला. दांडी ढिली असली की व्हॉल्व्हला खरी उंची कळतच नाही.