मदत हवी आहे: गुन्ह्याच्या चौकशीला बोलावलेल्या बंगाली कारागिराच्या नागरिकत्वाची पडताळणी (सोलापूर)

माडीवाली_वहिनी:

नमस्कार. सोलापुरातून लिहितेय. कायद्यातलं कळणाऱ्यांची, पोलीस खात्यात नोकरी केलेल्यांची आणि सराफी धंद्यातल्या माणसांची मदत हवी आहे. थोडं लांबेल, पण कृपया पूर्ण वाचा.

मधल्या मारुतीच्या अलीकडे आमचा जुना वाडा आहे. माडीवरच्या दोन खोल्यांत एक बंगाली कारागीर बायको-मुलीसह भाड्याने राहतात. गाव पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यात, घाटालजवळ. तिकडची कितीतरी पोरं लहानपणीच सोन्याच्या कामाला लागतात आणि मुंबई, सुरत, राजकोट असं कुठे कुठे जातात. हे सोलापुरात आले आणि इथलेच झाले. मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीला आहे, संध्याकाळी माझ्या सासूबाईंसमोर बसून पाढे म्हणते. नोंदणीकृत भाडेकरार आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे दिलेली आहे, त्याची पोच माझ्या कपाटात आहे.

झालं असं की ते ज्या कारखान्यात बसतात, तिथला दुसरा एक कारागीर घडणीला दिलेलं सोनं घेऊन पसार झाला. मालकाने फिर्याद दिली, अपहाराचा गुन्हा नोंदला गेला. उरलेल्या सगळ्यांना पोलिसांनी चौकशीला बोलावलं. यात मला काहीच वावगं वाटत नाही. शेजारच्या पाटावर बसणाऱ्याला पोलीस विचारणारच, विचारायलाच हवं.

पण पहिल्या दिवसानंतर सोन्याचा विषय मागेच पडला. तू कुठला, बाप कुठला, सीमा कधी ओलांडलीस, कार्ड कोणी करून दिलं, एवढंच चालू आहे. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र पुढे ठेवलं तर "हे सगळं पैसे टाकले की मिळतं" असं उत्तर. मोबाइल काढून घेतलाय, पावती नाही. सकाळी बोलावतात, रात्री सोडतात, हातात नोटीस नाही की कसला कागद नाही. त्याच कारखान्यातल्या दोन मराठी मुलांचा जबाब एकदाच घेतला आणि विषय संपला. पोलीस ठाण्याचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही.

काल रात्री त्यांच्या बायकोने बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली आणला आणि सगळे कागद आमच्या ओसरीवर मांडले. माध्यमिक परीक्षेचं ॲडमिट कार्ड, त्यावर जन्मसाल १९८५. आजोबांच्या नावचं जमिनीचं खरेदीखत, चार घड्या पडलेलं, घड्यांवर लावलेली चिकटपट्टी पिवळी पडून कडक झालेली. त्या खतावर आजोबांचं आडनाव ‘सेख’ आहे, वडिलांच्या रेशनकार्डावर ‘शेख’, यांच्या आधारवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. तो एक फरक बघून ती इतकी घाबरली होती की कागद डब्यात परत ठेवताना तिचे हात थरथरत होते. जन्मदाखला यांच्यापैकी कुणाकडेच नाही, मुलीचा तेवढा आहे, सोलापूर महापालिकेचा.

मला हे कळायला हवंय. गुन्ह्याच्या चौकशीत पोलीस नागरिकत्व तपासू शकतात का, आणि तपासलं तर कोणत्या कागदावर समाधान होतं? आधार चालत नसेल तर मग चालतं काय? रोजचं हे बिनकागदाचं बसवून ठेवणं थांबवायचं कसं? आणि मुलीवर यातलं काही येईल का? तिची आई मला हाच प्रश्न सारखा विचारतेय.

सराफकट्टा_जुना:

वहिनी, घाबरू नका ओ. कट्ट्यावर बंगाली कारागीर नवीन नाहीत, नाजूक जाळीकाम त्यांच्याच हातचं. पण सोनं घेऊन पळाल्याच्या भानगडीही होतात, आणि एक पळाला की उरलेल्यांच्या मानेवर ओझं येतं. आधी कारखाना मालकाला भेटा. फिर्यादीत त्याने यांचं नाव घेतलंय का बघा. घेतलं नसेल तर "ह्या माणसाचा माझ्याकडे हिशोब चोख आहे, घट-मजुरीची वही माझ्याकडे आहे" असं त्याच्याकडून लिहून घ्या. आमच्या धंद्यात किती ग्रॅम दिलं, किती परत आलं, घडवताना झीज म्हणजे घट किती गेली, हे रोजच्या रोज वहीत चढतं. गुन्ह्यातून सुटायला ती वहीच उपयोगी पडेल, आधारकार्ड नाही.

सरळ_बोलतो:

मी उलट बाजू मांडतो, राग मानू नका. तपासलं तर बिघडलं काय? जानेवारी २०२५ मध्ये सैफ अली खानवर घरात घुसून हल्ला झाला, पकडलेला आरोपी बांगलादेशी असल्याचं पोलिसांनीच सांगितलं. खोटी कार्डं करून राहणारे सापडतातच. असा माणूस जामिनावर सुटला की सीमेपलीकडे जाणार, मग खटला कोणावर चालवायचा? पोलिसांनी विचारलं नाही तर उद्या आपणच त्यांना दोष देऊ.

माडीवाली_वहिनी:

राग नाही. आरोपी परदेशी आहे असं वाटण्यासारखं काही हाती लागलं तर तपासायलाच हवं, हे मलाही मान्य आहे. इथे हाती काय लागलं? बंगाली बोलतात आणि आडनाव शेख आहे, एवढंच. सोनं कोणी नेलं हा एक प्रश्न आणि माणूस कुठला हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळत नाही म्हणून दुसऱ्यात माणसाला अडकवायचं, हे मला पटत नाही. आणि मराठी मुलांना हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

कोर्टकचेरी:

मी वकिली करतो, फौजदारी बाजू. सविस्तर लिहितो.

पोलिसांना नागरिकत्व तपासण्याचा अधिकार आहे, त्याबद्दल वाद घालू नका. १ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवास आणि परदेशी नागरिक अधिनियम, २०२५ लागू झाला आणि १९४६ चा जुना परदेशी नागरिक कायदा रद्द झाला. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "मी परदेशी नाही" हे सिद्ध करण्याचा भार जुन्या कायद्यात संबंधित माणसावर होता, नव्यातही त्याच्यावरच आहे. म्हणून कागद गोळा करण्यात हयगय नको.

पण हा भार उगाच कुणाच्याही डोक्यावर ठेवता येत नाही. आसामच्या रहीम अली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आधी यंत्रणेकडे संशयाला काहीतरी ठोस आधार पाहिजे, तो त्या माणसाला कळवला पाहिजे, मगच त्याने सिद्ध करायचं. त्याच निकालात नावांच्या स्पेलिंगमधल्या किरकोळ फरकांचाही विचार झालाय. एवढ्यावरून माणूस परदेशी ठरत नाही. तेव्हा सेख-शेखची धास्ती त्या बाईंच्या मनातून आधी काढा. आणि घाईघाईने आधारमध्ये दुरुस्ती करायला जाऊ नका. चौकशी चालू असताना केलेला बदल उलट संशय वाढवतो.

आधारबद्दल पोलीस म्हणतात ते कायद्याला धरून आहे. आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिलंय की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्याच्या एका प्रकरणात जामीन नाकारताना म्हटलं की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र नुसतं जवळ असल्याने कुणी नागरिक होत नाही.

मग चालतं काय? जन्माची तारीख बघायची. नागरिकत्व कायदा १९५५ प्रमाणे २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. तुमचे भाडेकरू १९८५ चे, म्हणजे भारतात जन्म झाल्याचं दाखवलं की पुरे. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांना आई किंवा वडिलांपैकी एक जण नागरिक असल्याचं दाखवावं लागतं. ३ डिसेंबर २००४ पासून पुढे जन्मलेल्यांसाठी अट आणखी कडक: एक पालक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. मुलगी त्यात बसते. तिचा महापालिकेचा दाखला चांगलाच आहे, पण तिचं सगळं आईवडिलांच्या कागदांवर उभं आहे. म्हणून आईचेही कागद आत्ताच गोळा करा, तिला अजून कोणी विचारलं नसलं तरी.

आता पोलीस ठाण्याचं. संशयित म्हणून बोलवायचं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची लेखी नोटीस हवी. नोकराने केलेल्या अपहाराला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(४) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा अटक न करता नोटीसच द्यायची असते. अटक केली तर कारण सांगायचं, घरच्यांना कळवायचं आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं. ‘पडताळणी चालू आहे’ म्हणून अटक न दाखवता कोंडून ठेवायची सोय कायद्यात नाही. मोबाइल जप्त केला असेल तर पंचनामा हवा. झडती-जप्तीचं चित्रीकरण करणंही आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक आहे.

उद्याच तपास अधिकाऱ्याच्या नावे साधा मराठी अर्ज द्या: मी सहकार्य करतोय, यापुढे लेखी नोटीस देऊन बोलवावं, मोबाइल जप्तीची प्रत द्यावी, सोबत अमुक कागदांच्या स्वसाक्षांकित प्रती जोडल्या आहेत, माझ्या मूळ जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडून खात्री करून घ्यावी. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका. ठाण्यात अर्ज घेतला नाही तर पोलीस आयुक्त कार्यालयाच्या टपालात द्या, शिवाय स्पीड पोस्टाने पाठवा.

वकिलाची फी झेपणारी नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण आहे, मोफत वकील मिळतो. अर्ज बायकोच्या नावाने केला तर महिलांना उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

माजी_ठाणे_अंमलदार:

वकीलसाहेबांनी बरोबर लिहिलंय. आतली बाजू मी सांगतो. मे २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने संशयित बांगलादेशी आणि म्यानमारच्या लोकांची खात्री ३० दिवसांत करा म्हणून राज्यांना कळवलं, तेव्हापासून वरून विचारणा असते. खालच्या माणसाला वाटतं, आपल्या हद्दीत आहेत का बघितलं नाही तर आपल्यावर येईल. खात्रीचं पत्र मूळ जिल्ह्याला जातं आणि तिथल्या ठाण्याचा माणूस गावात जाऊन जबाब घेतो. यात वेळ जातो तो तिकडून उत्तर येण्यात. म्हणून गावाकडच्या भावाला किंवा चुलत्याला सांगा, तिथल्या ठाण्यात स्वतः जाऊन "सोलापूरचं पत्र आलंय का" विचारत राहायचं. सध्या गड्ड्याच्या यात्रेचा बंदोबस्त आहे, तपास अधिकारी भेटणार नाही. सकाळी लवकर जा आणि आवाज चढवू नका. अर्जाची भाषा साधी ठेवा.

कोर्टकचेरी:

एक राहिलं. पश्चिम बंगालमध्ये मतदार यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणासाठी २००२ ची यादी आधार धरली होती आणि ती त्यांच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर आहे. २००२ मध्ये तुमचे भाडेकरू सतरा वर्षांचे, म्हणून त्यांचं नाव नसेल, पण वडिलांचं असायला हवं. त्या पानाची छपाई, वडिलांशी नातं दाखवणारं ॲडमिट कार्ड आणि आजोबांचं खरेदीखत, ही साखळी भक्कम आहे. जमिनीचा उतारा ‘बांगलारभूमी’ पोर्टलवर खतियान (जमिनीचं खातं) क्रमांकाने मिळतो, तिकडे त्याला पर्चा म्हणतात.

आणि हे सगळं लेखी करायला का सांगतोय तेही ऐका. जून २०२५ मध्ये मीरा रोडला काम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला बांगलादेशी समजून थेट सीमेपार सोडलं होतं. पश्चिम बंगाल सरकारने पाठपुरावा केल्यावर त्याला परत आणलं. कागद होते, पण ते बघायच्या आतच माणूस गेला होता. तुमच्या अर्जाची एक प्रत पश्चिम बंगालच्या स्थलांतरित कामगार कल्याण मंडळालाही ईमेल करा.

माडीवाली_वहिनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्ज दिला. मी आणि सासूबाई दोघी सोबत गेलो होतो. आधी "साहेब आल्यावर बघू" म्हणाले, मग सासूबाई बाकावर बसूनच राहिल्या तेव्हा पोच मिळाली. मोबाइलच्या पंचनाम्याची प्रतही मिळाली. घाटालला पत्र गेल्याचं सांगितलं, जावक क्रमांक मी लिहून घेतलाय. पुढच्या वेळी नोटीस देऊ म्हणाले. कारखाना मालकाने वहीच्या पानांच्या सह्या केलेल्या प्रती दिल्या, सराफकट्टा दादा, तुमचे खास आभार.

२००२ च्या यादीत वडिलांचं नाव सापडलं. वय आणि घर क्रमांक बरोबर आहे, पण आडनाव तिथे परत ‘सेख’. खरेदीखताशी जुळतं म्हणून ती बाई काल पहिल्यांदा नीट जेवली.

आता एकच अडचण. तिच्या माहेरचं गाव हुगळी जिल्ह्यात खानाकुलजवळ आहे, वडील लहानपणीच वारले आणि २००२ च्या यादीत आईचं नाव दिसत नाही. तिचा जन्म १९९१ चा. आजोळच्या पत्त्यावर आईचं नाव असू शकेल असं ती म्हणते, पण मतदान केंद्र ठाऊक नाही आणि यादी बंगालीत आहे. खानाकुल किंवा आरामबाग भागातलं कुणी इथे असेल, किंवा बंगाली वाचता येणारं कुणी तासभर वेळ देऊ शकत असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आजोळच्या गावाचं नाव तिथे कळवते.