मदत हवी आहे: तंत्रज्ञान, इतिहास, राजकारण आणि संस्कृती यांना एकत्र गुंफणारे शनिवार-रविवारचे वाचन

नमस्कार.

शनिवार-रविवारी निवांतपणे वाचता येईल आणि नंतरही आठवडाभर डोक्यात घोळत राहील, अशा दीर्घ लेखनाच्या शोधात मी आहे. विषयाची अट नाही, मांडणीची आहे. तंत्रज्ञानावर एक लेख, इतिहासावर एक, राजकारणावर एक अशी यादी कुणालाही करता येते. मला मात्र असे लेखन हवे आहे, ज्यात लेखक एखादी वस्तू किंवा व्यवस्था हाती घेतो आणि तिचा माग काढत या सगळ्या प्रांतांतून फिरून येतो.

उदाहरणादाखल समुद्राखालच्या तारा घ्या. १८५८ साली अटलांटिकच्या तळाशी पहिली तार टाकली गेली, तेव्हा व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचायला सुमारे १६ तास लागले, आणि काही आठवड्यांतच ती तार निकामी झाली. टिकाऊ जोडणी झाली ती १८६६मध्ये. इथपर्यंतची हकिकत बहुतेक ठिकाणी सापडते. परंतु तारेवरचे आवरण गटापर्चाचे असे, तो मलाया, सुमात्रा, बोर्निओ इथल्या झाडांच्या चिकापासून बनत असे आणि त्या चिकासाठी झाडेच्या झाडे तोडली जात, हा भाग एखाद्या परिच्छेदात उरकला जातो. याच तारांवरून जाणाऱ्या बातम्यांसाठी रॉयटर्स, हावास आणि वोल्फ या तीन वृत्तसंस्थांनी १८७०मध्ये जगाची आपापसांत वाटणी करून घेतली, म्हणजे कोणत्या प्रदेशाची बातमी कुणाच्या हातून बाहेर पडणार हे तिघांत ठरून गेले. ऑगस्ट १९१४मध्ये युद्ध पुकारल्यानंतर ब्रिटनने जवळजवळ पहिले काम केले ते जर्मनीच्या तारा तोडण्याचे. परिणामी जर्मन संदेशांना परक्यांच्या मार्गांचा आसरा घ्यावा लागला, आणि जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांनी १९१७ साली मेक्सिकोला युतीचा प्रस्ताव देण्यासाठी पाठवलेला तो प्रसिद्ध संदेश ब्रिटिशांच्या हाती लागला. शिवाय दर शब्दावर असल्यामुळे व्यापाऱ्यांनी अख्ख्या वाक्याऐवजी एकच शब्द वापरण्याचे सांकेतिक कोश तयार केले, हे तर स्वतंत्र लेखाचे प्रकरण आहे.

माझी पहिली अडचण इथेच आहे. या विषयावर मी जे वाचले ते अभियंते, भांडवलदार आणि नौदल यांच्या बाजूने लिहिलेले आहे. जंगलात चीक गोळा करणारे, तारघरात रात्रपाळी करणारे, किंवा परक्या वृत्तसंस्थेने पुरवलेल्या बातम्यांवर वर्तमानपत्र चालवणारे संपादक, यांच्या बाजूने लिहिलेले काही कुणाच्या वाचनात आले आहे का?

दुसरे असे की, याच जातीचे आणखी विषय सुचवावेत. प्रमाणवेळ हा एक माझ्या मनात आहे. १८८४च्या वॉशिंग्टन परिषदेत शून्य रेखांश म्हणून ग्रिनिचवर शिक्कामोर्तब झाले तेव्हा फ्रान्स तटस्थ राहिला, आणि १९११मध्ये नमते घेतानाही त्याने कायद्यात ‘पॅरिसच्या मध्यमान वेळेपेक्षा ९ मिनिटे २१ सेकंद मागे’ असे लिहिले, ग्रिनिचचे नाव घेतले नाही! घड्याळाच्या काट्यांत इतका राष्ट्राभिमान दडलेला असेल, तर मापे, दिनदर्शिका, लिप्यांचे संगणकीकरण, जहाजांवरचे कंटेनर यांतही काही ना काही सापडेलच. लिप्यांबद्दल मला विशेष उत्सुकता आहे.

‘जग बदलणारे शोध’ या धाटणीची पुस्तके कृपया सुचवू नयेत. त्यांत प्रत्येक शोध अपरिहार्य वाटतो आणि हरलेल्या पर्यायांचा पत्ताही लागत नाही. मूळ कागदपत्रे, परिषदांची इतिवृत्ते किंवा जुने पत्रव्यवहार वाचायलाही माझी तयारी आहे, मात्र ती नेमकी कुठून वाचायला घ्यावीत हे कळत नाही. मराठीतले लेखन असल्यास उत्तमच. सुचवताना, ते एका बैठकीत संपणारे आहे की दोन-तीन आठवडे पुरणारे, आणि त्याला विज्ञानाची कितपत पूर्वतयारी लागते, एवढे जाणकारांनी लिहिल्यास निवड करणे सोपे जाईल.