मदत हवी आहे: कार्यक्रमाचा आकडा किती सांगू, बाकी अडकली आहे, वर यूट्यूबचा क्लेम (परभणी)

गोदाकाठची_गायिका (गुरुवार, रात्री ११:४०)

नमस्कार. रविवारपर्यंत उत्तर हवं आहे म्हणून थेट विचारते. मी परभणीला असते. विशारद झालेली आहे, नऊ वर्षं अभंग-भावगीतांचे कार्यक्रम करते. परळीकडचं एक मंडळ महाशिवरात्रीला कार्यक्रम ठेवतंय, "ताई, तुमचा आकडा सांगा" म्हणायलेत. किती सांगू? दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाचे पैसे एका पतसंस्थेने अजून दिले नाहीत, वरून कमिशन कापलं. त्यात माझ्याच गाण्यावर यूट्यूबवर कॉपीराइट आला. स्वतःच्या गाण्यावर कॉपीराइट कसा येतो? मॅनेजर ठेवला तर हे सगळं सुटेल का? कुणी माहीत असेल तर सांगा. लवकर.

सेलूचा_तबलजी

ताई, आकडा सांगायचा कसा? तुम्ही एकट्या जाणार की संच घेऊन? किती जण? साउंड कुणाचा? गाडी कुणाची? दोन तासांचा कार्यक्रम की रात्रभर जागर? हे कळल्याशिवाय कुणी सांगितलेला आकडा धरू नका.

जुना_श्रोता

आकाशवाणी परभणीला सुगम संगीताची ऑडिशन दिली आहे का? नसेल तर आधी ती द्या. श्रेणी हाती आली की मानधनाची घासाघीस आपोआप कमी होते. आमच्या काळी रेडिओवर नाव ऐकलं की मंडळवाले घरी यायचे.

लातूरचा_साउंडवाला

काका, रविवारपर्यंत ऑडिशन कशी होईल? ताई, एक सांगतो, कार्यक्रम कुणाचाही असो, स्वतःसाठी एक मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मंचावर ठेवलेला स्पीकर) मागून घ्या. तो नसला की गायक ओरडून गातो आणि दुसऱ्या तासाला आवाज बसतो.

गोदाकाठची_गायिका

मॉनिटरचा प्रश्न नाही हो. संच माझा, सहा जण. कीबोर्ड, तबला, पखवाज, तालवाद्य, निवेदक आणि मी. साउंड मंडळाचा. गाडी आम्हीच करतो.

हिशोबनीस

दिवाळीचा हिशोब पूर्ण लिहा. ठरले किती, आले किती, वाटले किती. "कमिशन" नक्की किती कापलं?

गोदाकाठची_गायिका

ठरले ५५,०००. आधी २०,००० आले. कापले ५,५००. बाकी २९,५००, दर सोमवारी "पुढच्या सोमवारी या" म्हणायलेत. साथीदारांना थांबवणं बरं वाटत नाही म्हणून मी घरातून दिले. कीबोर्ड ८,०००, तबला ७,०००, पखवाज ६,०००, तालवाद्य ४,०००, निवेदक ५,०००, गाडी ६,०००.

हिशोबनीस

म्हणजे ३६,००० गेले, २०,००० आले. पहाटे तीनला उठून तुम्ही गायलात आणि आज स्वतःचे १६,००० घालून बसला आहात.

ते ५,५०० कमिशन नाही. ५५,००० चे बरोबर १० टक्के आहेत, म्हणजे टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर). वर्षाला एकाच ठिकाणाहून ५०,००० च्या वर व्यावसायिक मानधन गेलं की तो कापतात (ही मर्यादा पूर्वी ३०,००० होती, एप्रिल २०२५ पासून वाढली). तुमच्या पॅनवर सरकारकडे जमा झाला का ते २६एएस मध्ये (आयकर खात्याकडची कापलेल्या कराची नोंद) दिसेल. रिटर्न भरलं आणि तेवढा कर बसत नसेल तर परत मिळतो. पण त्यात पूर्ण ५५,००० तुमचं उत्पन्न म्हणून दिसतील. साथीदारांना दिलेल्या पैशांची नोंद आहे का? रोख दिले असतील तर प्रत्येकाची सही घेऊन ठेवा. पुढच्या वेळेपासून खात्यावरच द्या.

गोदाकाठची_गायिका

सह्या नाहीत. आणि रिटर्न मी कधी भरलंच नाही, गाण्यातून कुठे तेवढं मिळतं असं वाटायचं.

उद्योग_मित्र

आता जीएसटी नंबर काढा, नाहीतर नोटीस येईल. १८ टक्के लावूनच कोटेशन द्या.

हिशोबनीस

उगाच घाबरवू नका. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. शिवाय शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणाला दीड लाखापर्यंतच्या मानधनावर सूटच आहे. ताईंनी १८ टक्के मागितले तर मंडळ दुसरी गायिका शोधेल.

उद्योग_मित्र

बरं, जीएसटीचं मागे घेतो. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) तरी करा. फुकट आहे, आधारवर ऑनलाइन होते. ठरलेले पैसे ४५ दिवसांत मिळाले नाहीत तर व्याजासकट मागता येतात.

हिशोबनीस

ते पुढच्यासाठी ठीक. नोंदणीआधीच्या बाकीला त्याचा आधार सहसा मिळत नाही.

माऊली_दास

राग मानू नका ताई. जनाबाईचं गंगाखेड तुमच्याच जिल्ह्यात, नामदेवांची नर्सी शेजारी. त्यांचे अभंग गायचे आणि त्याचा दर ठरवायचा, हे मनाला पटत नाही. यजमानाने प्रेमाने दिलं ते घ्यावं.

सेलूचा_तबलजी

माऊली, मंडपवाला, साउंडवाला, आचारी, सगळ्यांना तुम्ही ठरवून पैसे देता. गाणारीचं तेवढं प्रेमावर? माझा तबला वादीसकट नीट ठेवायला, शाई (तबल्यावरचा काळा गोल) भरून घ्यायला दरवर्षी पैसे लागतात. नांदेडला एकदा "पाकीट देतो" म्हणाले. पाकिटात ५०१ रुपये आणि नारळ. येताना गाडीभाड्याला मित्राकडून घेतले. सेवा करायची असेल तर मी आमच्या गावच्या सप्ताहात सातही दिवस वाजवतो, तिथे कुणाकडे काही मागत नाही. पण पत्रिकेवर नाव छापून, मोठ्या पाहुण्याला बोलावून, फलक लावून केलेला कार्यक्रम म्हणजे सप्ताह नव्हे.

माऊली_दास

सप्ताहातले गायनाचार्यसुद्धा आता आकडा सांगायलेत, तेच दुःख आहे.

सेलूचा_तबलजी

त्यांनाही लेकरंबाळं आहेत.

पुण्यात_स्थायिक

परभणीत राहून हे होणार नाही. मी जालना सोडलं तेव्हा कळलं. पुण्यात या, इथे आयोजक व्यावसायिक आहेत.

गोदाकाठची_गायिका

सासू-सासरे माझ्याजवळ आहेत, मुलगी चौथीत आहे. पुण्याचं विचारलेलं नाही. यूट्यूबचं कुणी सांगाल का?

वकीलबाई_जालना

गाणं कुणाचं? शब्द, चाल, रेकॉर्डिंग, तिन्ही वेगवेगळं सांगा. क्लेम (व्हिडिओच्या पैशांवर दावा) आहे की स्ट्राइक (व्हिडिओ काढून चॅनेलला ताकीद)? आणि कुठल्या कागदावर सही केली होती का?

गोदाकाठची_गायिका

जनाबाईचा अभंग आहे. २०२२ मध्ये एका स्टुडिओवाल्याने रेकॉर्ड केला, ५,००० दिले. शंभराच्या स्टॅम्पवर सही घेतली, सगळेच करतात म्हणे. त्यांच्या चॅनेलवर तो पुष्कळ ऐकला जातो. मी माझ्या चॅनेलवर स्टेजवरचा व्हिडिओ टाकला तर "क्लेम" असं आलं. व्हिडिओ दिसतो, पण पैसे त्यांना जातील असं लिहिलंय. चाल माझीच आहे.

वकीलबाई_जालना

अहो, चाल तुमची, हे पहिल्या ओळीत सांगायचं होतं! त्यामुळे सगळं बदलतं.

शब्द जनाबाईचे, त्यावर कुणाचाच हक्क नाही. चाल तुमची असेल तर तुम्ही संगीतकारही आहात. रेकॉर्डिंगचा हक्क मात्र ज्याने पैसे लावून ते केलं त्याचा, आणि तो ६० वर्षं चालतो. आता सांगा, स्टेजवरच्या व्हिडिओत साथीला कोण होतं?

गोदाकाठची_गायिका

त्या दिवशी कीबोर्डवाला आला नव्हता. स्टुडिओचाच मायनस ट्रॅक (आवाज काढून फक्त वाद्यांचं रेकॉर्डिंग) लावला होता.

लातूरचा_साउंडवाला

तिथेच झालं. यंत्राने तो ट्रॅक ओळखला.

वकीलबाई_जालना

बरोबर. म्हणून क्लेमवर रागाने वाद घालू नका. तो फेटाळला गेला, तुम्ही पुन्हा अपील केलं आणि त्यांनी व्हिडिओ काढायला लावला तर स्ट्राइक बसतो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेल जातं. तो व्हिडिओ तसाच राहू द्या. नवीन व्हिडिओत ट्रॅक नको, स्वतःच्या पेटी-तबल्यावर गा. पण त्याआधी कागद बघायला हवा, कारण चालीचे हक्क दिलेत का ते त्यात असेल. मुदत लिहिली आहे?

गोदाकाठची_गायिका (शुक्रवार, दुपार)

कपाटातून काढला, मुलीच्या जन्मदाखल्याच्या फाइलीत होता. मजकूर चार ओळींचा. "सदर गीताचे सर्व हक्क निर्मात्याकडे राहतील" एवढंच. मुदतीची जागा कोरी. चालीचं नावही नाही, रॉयल्टीचा शब्द नाही.

वकीलबाई_जालना

मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरतात. म्हणजे २०२७ पर्यंत. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा सही करून सोडताच येत नाही, कागदावर काहीही लिहिलेलं असलं तरी. संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व घ्या. गायिका म्हणूनही तुमचा वेगळा हक्क आहे, ५० वर्षांचा, त्याची संस्था इसाम्रा (पूर्वीची इस्रा). चाल तुमची असल्याचा पुरावा शोधा: रियाजाचं मोबाइल रेकॉर्डिंग, स्वरलिपीची वही, जुने व्हॉट्सॲप निरोप. मूळ कागद जवळच्या वकिलाला प्रत्यक्ष दाखवा. चार ओळी वाचून मी शेवटचं मत देणार नाही.

गोदाकाठची_गायिका

वही आहे. त्यावर तारीखही आहे. काल रात्री ती उघडली आणि रडू आलं. गॅसजवळ उभी राहून गुणगुणत बसवली होती ती चाल, पानावर हळदीचा डाग आहे अजून.

आयुर्वेद_घर

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधीपासून ज्येष्ठमध आणि खडीसाखर ठेवा. दही बंद.

सेलूचा_तबलजी

ताई, मॅनेजरचं डोक्यातून काढा. महिन्याला दोन-तीन कार्यक्रमांत मॅनेजर जगत नाही आणि तुम्हालाही परवडत नाही. तुमच्या संचातल्या एकाने फोन घ्यायचे, एवढं पुरे. स्वतःच्या मानधनाचं बोलायला आपल्याला जड जातं, दुसऱ्याचं बोलायला जात नाही. निवेदकाला सांगा, त्यांची जीभ मोकळी असते.

आकड्याचं असं. आधी संचाचा खर्च काढा, परळीला गाडी आणि जेवण धरून. त्यात तुमचं स्वतःचं मानधन पहिल्या ओळीला लिहा, उरलं ते माझं असं नको. तुमच्या हिशोबात गायिकेची ओळच नव्हती, माझ्या ते लगेच लक्षात आलं.

हिशोबनीस

हे सगळ्यात महत्त्वाचं. दिवाळीला सगळे पैसे आले असते तरी टीडीएस जाऊन तुमच्या हाती १३,५०० उरले असते. मंचावर मधोमध बसणारीला ते पुरेसे वाटतात का, ते ठरवा आणि तो आकडा आधी लिहा.

गोदाकाठची_गायिका (शनिवार, रात्री)

सगळ्यांचे आभार. मंडळाला पाठवलेला निरोप खाली देते, चूक असेल तर सांगा, उद्या सकाळपर्यंत दुरुस्त करता येईल.

"गायिका व पाच साथीदार, कार्यक्रम अडीच तास. गायिकेचं मानधन २५,०००, साथीदार ३०,०००, परभणीहून गाडी ७,०००, एकूण ६२,०००. इसार निम्मा, खात्यावर, तारीख पक्की करताना. उरलेली रक्कम कार्यक्रमाच्या दिवशी मंचावर जाण्याआधी. साउंड मंडळाचा, गायिकेसाठी मॉनिटर हवा. टीडीएस कापल्यास प्रमाणपत्र द्यावं. कार्यक्रमाचं चित्रीकरण करून कुठे टाकायचं असेल तर आधी लेखी विचारावं."

पतसंस्थेलाही तारीख, ठरलेली रक्कम आणि बाकी लिहून पत्र दिलं, पोच घेतली. शिपाई शिक्का मारायला तयार नव्हता, मी तिथेच बाकावर बसून राहिले.

लातूरचा_साउंडवाला

मॉनिटर लिहिला, बरं झालं.

हिशोबनीस

"उरलेली रक्कम" च्या पुढे आकडा टाका. ३१,०००. आणि कार्यक्रम रद्द झाला तर इसार परत मिळणार की नाही, तेही एका ओळीत.

माऊली_दास

ताई, तुमच्या वहीबद्दल वाचून मीही गप्प झालो. परळीला आलात तर जनाबाईचा तो अभंग तुमच्याच चालीत ऐकायला येईन. तिकीट नसलं तरी तबलजींच्या शाईसाठी काहीतरी घेऊन येईन.

गोदाकाठची_गायिका (रविवार, सकाळ)

दोन्ही ओळी टाकल्या. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले ५५ करा. मी गाडी तुम्ही पाठवा म्हटलं, तसं ठरलं. इसार २७,५०० उद्या येतोय म्हणाले. आला की साथीदारांना तारीख सांगेन, त्याआधी नाही.