मदत हवी आहे : संध्याकाळी व्यायाम केला की पहाटे साखर उतरते

मला सहा आठवड्यांपूर्वी टाइप 1 मधुमेहाचं निदान झालं. वय 34. रात्री एकदा दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी जलद काम करणारं. साखर सतत मोजणारा सेन्सर नाही, बोट टोचूनच तपासतो.

दिवसा आकडे बरे असतात. पण संध्याकाळी 7 ला तासभर सायकल चालवली की झोपताना 130 असलेली साखर पहाटे 3 ला 60 च्या आसपास येते. घामाने भिजून जाग येते. 15 ग्रॅम ग्लुकोज घेतो, 15 मिनिटांनी पुन्हा तपासतो, साखर वर येते. पण नंतर झोप लागत नाही. सायकल नसेल त्या रात्री असं होत नाही.

डॉक्टरांनी रात्रीचा डोस 2 युनिटने कमी केलाय, झोपण्याआधी थोडं खातोही. फरक पडला, पण पुरेसा नाही. स्वादुपिंड अजून थोडं इन्सुलिन बनवतंय, त्यामुळे अंदाज चुकतो, असं ते म्हणाले. पुढची भेट दोन आठवड्यांनी आहे. डोस त्यांना विचारूनच बदलेन, तो सल्ला नको. सायकल मात्र सोडायची नाही, तेवढं एकच जुनं आयुष्य उरल्यासारखं वाटतं.

व्यायाम सकाळी हलवल्याने कुणाची पहाटेची घसरण थांबली का? आणि संध्याकाळीच व्यायाम करणारे झोपताना साखर किती असली की निर्धास्त झोपता?