अनुभव धागा: गोवेकरांना सुट्टी कधी असते?

मंडळी, डिसेंबरात अर्धा देश सुट्टी घालवायला आमच्याकडे येतो आणि नेमकी तेव्हाच आमच्या घरात कुणाला सुट्टी नसते. 1987 साली परदेशी पर्यटकांची चार्टर विमानं सुरू झाली तेव्हा मी शाळेत होतो. वडील दुपारी दुकान बंद करून चारपर्यंत ताणून देत. आज त्याच दुकानात मी दुपारभर उभा असतो. कमाई वाढली, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुमच्याकडे रोजगार बदलला तेव्हा खेळ, जत्रा, नाटक, झोप यांचं काय झालं? मनापासून लिहा.

डिचोलीहून
आमचा ट्रक होता, कर्जावरचा. खनिजाच्या ट्रिपांवर पैसे, म्हणून बाबा पहाटे जात ते अंधार पडल्यावर येत. आंघोळ केली तरी भुवयांतली तांबडी धूळ जात नसे. पावसात वाहतूक बंद. मग ट्रक अंगणात ताडपत्रीखाली आणि बाबा आमच्यासोबत चिखलात, अनवाणी, गोलकीपर! फुटबॉलचं वेडही खाणीच्याच पैशावर पोसलेलं. धेंपो, साळगावकर, सेझा या क्लबांची नावं सगळी खाणवाल्यांची. धेंपोने तर राष्ट्रीय लीग पाच वेळा जिंकली. चांगल्या खेळाडूला कंपनीत नोकरी लागायची, त्यामुळे 'खेळून पोट भरतं का' असं आमच्या घरी कुणी म्हणालं नाही.
2012 मध्ये खाणी बंद झाल्या. बाबांना वर्षभर काम नव्हतं, पण त्या पावसात ते एकदाही मैदानावर आले नाहीत. ओट्यावर बसून बँकेचं पासबुक उलटायचे. अजूनही कुणी 'वेळच वेळ आहे' म्हणालं की मला तो ओटा दिसतो.

कळंगुटहून
मी हॉटेलात हाऊसकीपिंग बघते. ऑक्टोबर ते मार्च रजा मागायचीच नाही. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, पावसाळ्यात येते म्हणून माहेरी साखळीला पाच दिवस जायला मिळायचं. हल्ली पाऊस बघायलाही पर्यटक येतात. गेल्या वर्षी दीडच दिवस मिळाला. समुद्र कामावरून दहा मिनिटांवर. मुलाला घेऊन वाळूत शेवटचं कधी बसले, आठवत नाही.

पणजीहून
2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, त्या बघून मुलगी बॅडमिंटन खेळायला लागली. सराव संपतो तेव्हा परतीची बस नसते. आमच्याकडे गाडी आहे म्हणून जमतं. तिच्या मैत्रिणीने दोन महिन्यांत सोडलं, आणि ती हिच्याहून चांगली खेळायची.

पेडण्याहून
आमच्या जत्रेचं नाटक गावातलीच मुलं करतात. भात घरात आलं की देवळाच्या मंडपात तालमी लागायच्या. जानेवारी 2023 मध्ये आमच्या तालुक्यातल्या मोपाच्या नव्या विमानतळावर विमानं उतरू लागली. आता आमचा संभाजी टॅक्सी चालवतो आणि औरंगजेब विमानतळावर सामान चढवतो. दोघांच्या पाळ्या काही जुळत नाहीत. गेल्या खेपेला तालीम रात्री साडेअकराला. संभाजी गाडीतूनच फोनवर संवाद म्हणायचा, आम्ही फोन पेटीवर उभा करून ठेवायचो. ऐन स्वगतात 'भाडं आलं रे' म्हणून आवाज बंद. प्रयोगाच्या रात्री मात्र त्याने गाडी काढलीच नाही, आणि पहाटे साडेचारपर्यंत मंडप भरलेला होता. विमानतळासाठी जमिनी गेल्या त्याचा राग माझ्या मनात आहे. पण ही नोकरी नसती तर आमचा संभाजी मुंबईला असता, हेही खरं. यंदा तालमीची वेळ औरंगजेबाच्या पाळीचा कागद बघून ठरवणार आहोत.